माझा एक मित्र आहे

पत्र्यावरचं सोलर पॅनेल मीच पुसतो, बाहीने.
न्खाटा बेच्या किनाऱ्यावर उसिपा वाळत घालतात,
त्या चिमुकल्या मासळीची खवलं
वाऱ्याबरोबर शाळेपर्यंत येतात.
पॅनेल चकाकलं की टॅबलेट तीन तास चालतो.
तीन तास, त्रेसष्ट मुलं, धडा सहावा.

धडा सहावा: मन.
मी जीवशास्त्राचा शिक्षक. बेडकाचं हृदय
डोळे मिटून काढतो फळ्यावर.
मन काढता येईना.
खडू धरून उभा राहिलो, मग एक गोल काढला,
आणि मागच्या बाकावरून चिम्वेम्वे म्हणाला,
सर, हे तर अंडं.
वर्ग हसला. मीही.
अंडंच राहू दिलं.

टॅबलेटमधली बाई राजधानीची,
तिच्या चिचेवाला शहरी धार.
ती सांगते, उदास वाटणं वेगळं
आणि उदासीचा आजार वेगळा.
दोन आठवडे मोजा, म्हणते. झोप मोजा. भूक मोजा.
मुलं वहीत उतरवून घेतात: दोन आठवडे.
कुणी खाली रेघ मारतं, लाल.

आमच्या वेळी असं कुणी मोजत नसे.
तो फार विचार करतो, म्हणायचे,
जसं म्हणावं, तो फार मीठ खातो.
माझा थोरला भाऊ फार विचार करायचा.
रात्री होड्या दिवे पेटवून सरोवरात शिरत
तेव्हा तो काठावर बसून राही,
मांडीवर फाटकं जाळं, सुई तशीच अडकलेली.
आईनं दंडाला मुळी बांधली,
पाद्रीनं पाणी शिंपडलं,
काकांनी दोन थोबाडीत दिल्या.
ज्याच्याकडे जे होतं ते त्यानं दिलं.
शब्द कुणाकडेच नव्हता.
एका जूनमध्ये, म्वेरा वारा सुटलेला असताना,
तो एकटाच होडी घेऊन गेला.

होडी परत आली.

हे मी वर्गात सांगत नाही.
वर्गात सांगतो, शुक्रवारपर्यंत प्रश्न पाठवा.
नाव नको. फोन कुणाचाही चालेल,
घरचा, दुकानातला,
काच फुटलेला असला तरी.

प्रश्न येतात. सगळे मित्रांचे.
माझ्या एका मित्राला परीक्षेआधी श्वास घेता येत नाही.
माझी मैत्रीण उन्हातसुद्धा बाह्या खाली ओढून बसते.
माझ्या मित्राचा बाप बडबडतो एकटाच, वेड रक्तातून येतं का
एक मित्र विचारतो, हे पेपरात येणार आहे का?
अक्षर दिसत नसलं तरी चुका दिसतात ना.
लुसुंगू पूर्णविराम कधी देत नाही.
मी ओळखतो, आणि ओळख न देता वाचतो.

मागच्या शुक्रवारी एक प्रश्न असा होता:
माझा एक मित्र आहे. वय एकेचाळीस.
सरोवराकडे तोंड करून त्याला अजून झोप लागत नाही.
त्यानं कुणाशी बोलावं?

वर्ग गप्प. मग कुजबुज,
एवढा म्हातारा मित्र कुणाचा रे?
मी टॅबलेटकडे पाहिलं. तिच्याकडे उत्तर असणार.
पण बॅटरी संपत आलेली,
आणि बाई वाक्याच्या मध्येच गेली.

तिवोंगे उभी राहिली. एरवी ती तोंड उघडत नाही.
म्हणाली, त्याला सांगा, आधी इथे येऊन बस.
पुढे तिला सुचेना.
तिनं वही उघडली, पानं उलटली,
लाल रेघेवर बोट ठेवून विचारलं,
सर, किती आठवडे झाले त्याला?

मी हिशेब करायला लागलो.
खरंच लागलो, फळ्यावर,
बावन्न गुणिले एकवीस,
अंड्याच्या शेजारी.
बाहेर कुणीतरी घंटा म्हणून टांगलेल्या
ट्रकच्या चाकावर लोखंड आपटलं.
चिम्वेम्वे दप्तर घेऊन उठला,
माझ्याकडे बघितलं,
आणि परत बसला.